दुपारची गोळी

आई,

तुम्हाला वाचता येत नव्हतं. त्यामुळे हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायची काही सोय असती, तरी ते तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं, आणि आपल्या घरात वाचून दाखवणारी मीच होते. चांदवडहून तुमच्या भावाचं पोस्टकार्ड आलं की मी वाचायचे. लग्नाच्या पत्रिका, रेशनच्या दुकानाबाहेरची पाटी, कॅलेंडरवरच्या चतुर्थ्या आणि एकादश्या, डॉक्टरांकडून आलेल्या औषधाच्या पुड्या, सगळं मीच. हे तर पहाटे सातपूरला कारखान्यात जायचे, घरी आले की जेवून आडवे व्हायचे. तुमचा सगळा कारभार माझ्या डोळ्यांवर चालायचा. इतक्या वर्षांत मी तुम्हाला एकाच गोष्टीत कागदावरचं सोडून भलतं वाचून दाखवलं. त्या एका वाचण्याबद्दल लिहायला बसले आहे. तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं, त्याच्या कितीतरी पुढे मी आता आले आहे.

वाचण्याचं वेडही तुम्हीच लावलेलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, तीही अडखळत. लग्न होऊन कामगार वसाहतीतल्या त्या दोन खोल्यांत आले तेव्हा काम संपलं की भिंतीला टेकून बसून राहायचे. एकदा तुम्ही यांना म्हणालात, "अरे, तिला पुस्तकं तरी आणून दे. दिसभर भिंत वाचती ती." हे हसले, पण पुढच्या सुटीला गावातल्या वाचनालयात नाव घालून आले. पहिलं पुस्तक आणलं तेव्हा तुम्ही ते हातात घेऊन वजन केल्यासारखं वर-खाली केलंत आणि विचारलंत, "एवढ्यात काय काय हाय?" मग रोज दुपारी तुम्ही मटकी निवडायला बसायच्या आणि मी मोठ्याने वाचायचे. कथेत छळणारी सासू आली की तुम्ही हात थांबवायच्या. "ही माझ्यापेक्षा वाईट हाय का गं?" मी म्हणायचे, "अजून दहाच पानं झालीत आई, बघू." एकदा वाचता वाचता माझी भाकर करपली. मला वाटलं आता बोलणी बसणार. तुम्ही करपलेला पापुद्रा नखाने काढलात आणि म्हणालात, "भाकर गेली ती गेली. त्या पोरीचं पुढं काय झालं ते सांग." मला जे काही चार शब्द लिहिता येतात ते त्या दुपारांमुळे येतात. म्हणूनच पुढचं लिहिताना लाज वाटते.

दुष्काळाचं वर्ष नुकतंच सरलं होतं. तुमची पोटदुखी तशी जुनी, पण त्या वर्षी ती वरचेवर यायला लागली. तुम्ही सोमवार धरायच्या, चतुर्थी धरायच्या, एकादशी धरायच्या, आणि बहुतेक वेळा उपास सुटला की दुसऱ्या दिवशी पोट धरून बसायच्या. उलट्या व्हायच्या, तीन-तीन दिवस शौचाला व्हायचं नाही, झोप उडायची. पोट दाबून पाहिलं तर मऊ, आणि तुम्ही तर गुरासारख्या ओरडताय. आणि मागायच्या काय, तर गुळाचं पाणी. "चांगलं गोड कर. त्यानं उतरतंय." मी शेजारणीला हे सांगून हसले होते. पोट दुखतंय म्हणून सगळं जग खाणं सोडतं, आमच्या सासूबाईंना मात्र गूळ लागतो. शेजारीण म्हणाली, "लाड पुरवून घेतात म्हाताऱ्या." तेव्हा तुम्ही पन्नाशीच्या आसपास होतात. मी गूळ द्यायचे, पण भांडं जरा आपटून द्यायचे. ते तुम्हाला ऐकू येत असेल.

वसाहतीच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला, रक्त तपासलं. काहीच सापडेना. तुम्ही रडायच्या, बडबडायच्या, भिंतीवर कुणी चालतंय म्हणायच्या. डॉक्टर यांना बाजूला घेऊन म्हणाले, दुखणं पोटात नाही, मनात आहे, आणि त्यांनी शांत झोप लागण्याची गोळी दिली. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्या काळी ती गोळी सगळीकडे मिळायची, फिट येणाऱ्यांना द्यायचे, झोप न येणाऱ्यांना द्यायचे. कंपाउंडरने पुडीवर शाईने लिहिलं होतं, 'रात्री झोपताना १'.

एक गोष्ट मात्र मी डॉक्टरांना सांगायला हवी होती. तुम्हाला चाळीच्या टोकाच्या संडासापर्यंत जाववेना, म्हणून लघवीसाठी खोलीत डबा ठेवला होता. सकाळी मी तो मागच्या अंगणात ठेवायचे आणि दुपारी कामातून मोकळी झाले की ओतायचे. सकाळी साधा दिसणारा तो डबा उन्हात राहून दुपारपर्यंत काळ्या चहासारखा झालेला असायचा, कडेला जांभळट. मला वाटलं उन्हाळी लागली आहे. मी तुम्हाला धने-जिऱ्याचं पाणी दिलं. परक्या पुरुषाला असलं कसं सांगायचं, म्हणून डॉक्टरांना बोलले नाही. यांनाही नाही.

गोळीने रात्री तुम्ही थोड्या निवांत पडायला लागलात. दिवसा मात्र कण्हणं चालूच. तोपर्यंत माझं वाचणं बदललं होतं. मोठ्याने वाचायचा मला कंटाळा यायला लागला होता. जाड कादंबऱ्या हाती लागल्या होत्या, त्या मनातल्या मनात भराभर वाचाव्याशा वाटायच्या, आणि आठ दिवसांनी पुस्तक परत करायचं असायचं. आमची मुलगी तेव्हा लहान होती, दुपारी झोपायची, ती दीड-दोन तासांची शांतता माझी. त्यात तुमचं "आई गं, आई गं." त्यात मधूनच, "आज वाचत नाहीस का गं?" त्या दिवशी पुस्तकाची शेवटची साठ-सत्तर पानं उरली होती आणि दुसऱ्या दिवशी हे ते परत करणार होते. मी उठले, फळीवरची पुडी घेतली आणि त्यातली एक गोळी तुमच्या हातावर ठेवली. तुम्ही म्हणालात, "ही तर रातची." मी म्हणाले, "दुपारीही घ्यायची आहे. इथं लिहिलंय की." पुडी तुमच्यापुढे धरली सुद्धा. तुम्ही त्या अक्षरांकडे बघितलंत, तुम्हाला जितकं बघता येत होतं तितकं, आणि पाणी मागितलंत. अर्ध्या तासात तुम्ही झोपलात. माझं पुस्तक पूर्ण झालं.

एकदाच झालं असतं तर कदाचित मी स्वतःला काहीतरी समजावून सांगितलं असतं. पण दुसऱ्या दिवशी नवीन पुस्तक आलं. मग रोजच दुपारी एक, रात्री एक. तीन आठवडे. गोळ्या लवकर संपल्या म्हणून कंपाउंडरने विचारलं, तर मी म्हणाले, पुडीवर पाणी सांडलं, विरघळल्या. तो म्हणाला, "जपून ठेवत चला वहिनी," आणि नवीन पुडी बांधून दिली. तिच्यावरही तेच लिहिलेलं, 'रात्री झोपताना १'. त्या तीन आठवड्यांत सोमवारांशिवाय आणखी दोन उपास आले, तेही तुम्ही केलेत. मी कॅलेंडर बघून तारखा सांगितल्या, त्या मात्र बरोबर होत्या.

मग एके दुपारी तुमच्या हातून पेला सुटला. तुम्ही मनगट उचलायला बघत होता आणि पंजा लोंबत होता. मी ओट्याजवळ उभी आहे, पाणी माझ्या पायापर्यंत आलं आहे, आणि तुम्ही खाटेवरून म्हणताय, "ही गोळी घेतली की हात जड होतात गं. डॉक्टरांनी दुपारची लिहिलीच हाय का? नीट बघ बरं एकदा." मी पुडी फळीवरून काढते. उजेडाकडे धरते. जणू खरंच बघते आहे. आणि म्हणते, "लिहिली आहे, आई." तुम्ही मान टेकवलीत. "मग ठीक हाय. तू वाचलंस म्हंजे बरोबरच असंल."

त्या दिवसापासून मी दुपारची गोळी दिली नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा सांगितलं, डॉक्टरांनी बंद केली. पण पायांतलं बळ गेलं, मग आवाज घोगरा झाला, मग धाप लागायला लागली. दवाखान्यात नेलं. तिथेही तुम्ही तळमळता म्हणून झोपेचंच इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी तुमचा श्वास थांबला. मोठ्या डॉक्टरांनी काहीतरी नाव सांगितलं, नसांचा विकार म्हणाले. हे अंगणात बसून लहान पोरासारखे रडले आणि मला म्हणाले, "तू फार केलंस तिचं." मी पदर तोंडावर घेतला. सगळ्यांना वाटलं मी रडते आहे.

दहाएक वर्षं गेली. ती रिकामी पुडी मी तुमच्या लुगड्यांच्या ट्रंकेत तळाशी ठेवली होती. का ठेवली ते मला सांगता येत नाही, फेकवत नव्हती एवढंच. मग मनमाडहून ताईंच्या यजमानांची तार आली. ताईंना, तुमच्या लेकीला, तसंच पोट दुखायला लागलं होतं, तशाच उलट्या, तसाच बेचैनपणा. तिथल्या दवाखान्यात ऑपरेशनची तयारी चालली होती. पण तिथे एक डॉक्टरीणबाई आलेल्या होत्या, मोठ्या शहरातल्या कॉलेजातल्या, अशा घराण्यांचा शोध घेणाऱ्या. त्यांनी ताईंची लघवी बाटलीत भरून खिडकीत उन्हात ठेवायला सांगितली आणि दुपारी ती काळी झालेली बघून ऑपरेशन थांबवलं. आम्ही पोचलो तेव्हा ताईंना साखरेच्या पाण्याची बाटली शिरेतून लावलेली होती. दोन दिवसांत दुखणं उतरलं. ताई मला म्हणाल्या, "वहिनी, नुसती साखर हो! आईचा गूळ आठवला मला." मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर जाऊन पायरीवर बसले.

पुढच्या महिन्यात डॉक्टरीणबाई आपल्या घरी आल्या. साधी सुती साडी, खांद्याला झोळी, त्यात वही आणि लहान बाटल्या. त्यांनी आम्हाला सगळं समजावलं. रक्तातला लाल रंग शरीर पायरीपायरीने तयार करतं. काही घराण्यांत त्यातली एक पायरी जन्मतःच कमकुवत असते. एरवी निभावतं. पण तुम्हाला दिली होती ती झोपेची गोळी, तिचं औषधी नाव फिनोबार्बिटोन, लिव्हरला घाई करायला लावते, आणि मग अर्धवट तयार झालेला माल साचून नसांना बाधतो. उपासानेही तसंच होतं. यांनी चटकन म्हटलं, "म्हणजे आमच्या लाईनवर पुढचं मशीन ढिलं आहे आणि मागच्यावाल्यानं जोरात काम काढलं, तर सगळा पॅसेज अर्धवट घडलेल्या जॉबनी भरतो, तसं." डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "अगदी तसंच. हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार." त्या असंही म्हणाल्या की गोळी वाईट नाही. काही बाळांची कावीळ जन्मतःच उतरत नाही, तोही असाच रक्तातून आलेला दोष, आणि त्यातल्या काहींना हीच गोळी उपयोगी पडते. "कुणाला चालते आणि कुणाला नाही, एवढंच आम्ही शोधतोय. त्यासाठी प्रत्येक माणसाची खरी हकीकत लागते."

मग त्यांनी वही उघडून मला विचारलं, "सासूबाईंना ही गोळी किती दिली जायची?"

मी ट्रंक उघडून पुडी आणून दिली. त्यांनी ती वाचली. "रात्री एक. रोज एकच?"

हे माझ्या शेजारी बसले होते. कौतुकाने सांगत होते, "आमच्या हिनं बघा, दहा वर्षं कागद जपून ठेवला."

मी म्हणाले, "हो. एकच."

"नक्की ना? एवढ्या कमी मात्रेवर इतकं झालं असेल तर ते महत्त्वाचं आहे. पुष्कळ काही त्यावर ठरेल."

"त्यात लिहिलंय ना," मी म्हणाले.

आई, पहिल्यांदा मी कागदावर नव्हतं ते वाचून खोटं बोलले, आणि दुसऱ्यांदा कागदावर होतं तेच वाचून. डब्याचा रंग मी सांगितला, गूळ सांगितला, उपास सांगितले, सगळं अगदी बारकाईने सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्यासारखं नीट सांगणारं माणूस क्वचित मिळतं.

त्यांनी आमच्या तिघांच्या बाटल्या भरून घेतल्या. दवाखान्यात त्यात थेंब टाकून बघतात, दोष असेल तर गुलाबी होतं. यांची फिकट गुलाबी झाली. मुलीची चांगलीच झाली. ती तेव्हा शाळेत होती. तिला एक कार्ड मिळालं, त्यावर कोणकोणती औषधं तिला द्यायची नाहीत ते लिहिलेलं. मी तिला आजवर एक उपास करू दिला नाही. पुढे तिच्या बाळंतपणात ऑपरेशन करायची वेळ आली. भूल द्यायचं इंजेक्शनही त्याच जातीचं असतं म्हणे. जावयांनी कार्ड पुढे केलं, डॉक्टरांनी ते वाचलं आणि दुसरं औषध वापरलं. नात झाली, तिला तुमची जिवणी आहे. सगळे म्हणाले, डॉक्टरीणबाईंचे उपकार. मुलगी म्हणाली, आजीचेही. आजीची हकीकत कळली नसती तर त्यांनी एवढा पाठपुरावा केला असता का? मी बाळाला मांडीवर घेऊन थोपटत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी आपलं संशोधन छापून आलं तेव्हा त्याची एक प्रत पाठवली होती. इंग्रजीत होतं. मुलीच्या शाळेच्या पुस्तकांवर मी थोडं इंग्रजी शिकले होते. शब्दकोश घेऊन महिनाभर मी ते पाच-सहा कागद वाचत होते. तुमचं नाव नाही त्यात. एक विधवा, वय पन्नाशीतलं, एवढंच. पुढे गूळ आहे, उपास आहेत, उन्हात काळा झालेला डबा आहे. आणि त्यात म्हटलं आहे की रोज रात्री फक्त एक गोळी घेत असताना तिला पक्षाघात होऊन ती गेली, तेव्हा अशा घराण्यांत थोडी मात्राही निर्धोक समजू नये. ते वाक्य वाचून मी शब्दकोश मिटला. बरेच दिवस मी स्वतःला सांगत होते की या खोट्याने कुणाचं नुकसान झालं नाही, उलट डॉक्टर लोक जास्तच जपून वागले असतील. तसं असेलही. पण मी खोटं बोलले ते त्यांच्यासाठी नव्हतं.

तेव्हा मी मनाशी म्हणायचे, हे आहेत तोवर बोलता येणार नाही. आईची सेवा केली म्हणून ज्या माणसाने मला आयुष्यभर मान दिला, त्याच्यासमोर कसं बोलू? मग हेही गेले, झोपेतच, हृदय बंद पडून. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अडवणारं कुणी उरलं नाही, तेव्हा कळलं की अडवत कुणीच नव्हतं. एक गोळी असती तरी तुम्ही गेला असतात का? की दुपारच्या गोळीने गेलात? की तुमचे उपास, की दवाखान्यातलं इंजेक्शन? हे माझ्या मनात रोज दुपारी येतं, अजूनही, पुस्तक उघडलं की. तुमच्या मरणात माझा वाटा किती, हे सांगू शकेल अशी जगात एकच बाई आहे, आणि तिला मी खोटं सांगितलेलं आहे. त्या आता नोकरीतून निवृत्त झाल्या आहेत. घरचा पत्ता त्यांनी दिवाळीच्या शुभेच्छांबरोबर कळवला होता. एक आंतरदेशीय पत्र आणून ठेवलं आहे, त्यावर पत्ता लिहिला आहे, आत काही नाही. ठरवलं होतं की आधी तुम्हाला सांगायचं आणि मग त्यांना.

म्हणून आज जेवण झाल्यावर हे सगळं पहिल्यापासून मोठ्याने वाचायला घेतलं. तुम्ही समोर मटकी निवडत बसला आहात असं धरून. भाकरीचं वाचलं, गुळाचं वाचलं, डब्याचंही वाचलं. मग पेला सुटतो तिथे आले. तुम्ही म्हणता, नीट बघ बरं एकदा, आणि मी पुडी उजेडाकडे धरते. त्याच्या पुढची, माझ्या उत्तराची, एक ओळ मी गाळली आणि तिच्या खालून वाचायला लागले. घरात कुणी नव्हतं.